गाडी थांबल्यावरही चालू राहणारा कॅमेरा

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार

नवी नोकरी, पहिला दिवस, आणि मी गजर व्हायच्या आधी उठले! आईला कळलं तर ती माझी दृष्ट काढेल.

सहा वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. सहा वर्षं कुणाची तरी मामी कॅमेऱ्यापुढे येऊन पदर सारखा करत होती आणि मी सहा वर्षं गोड हसत होते. सुटले बाई एकदाची! आजपासून मी, वैदेही, रेसिंग टीमची व्हिडिओवाली. टीम म्हणजे एकच गाडी आहे, पण तिला बघितलं आणि मी प्रेमातच पडले. आतली सगळी गादी-बिदी काढून टाकलेली, ड्रायव्हरभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा, आणि आवाज असा की पोटात ऐकू येतो.

जागा करंजाड्याच्या पुढे, खाडीच्या बाजूला. पत्र्याची लांबलचक शेड, वर एक खोली, ती मला मिळाली. मागे एक अर्धवट सोडलेला काँक्रीटचा रस्ता आहे, दीड किलोमीटर सरळ, शेवटी उजवीकडे वळण. वळणावर डाव्या हाताला कधीच न झालेल्या पुलाचा एक खांब उभा आहे. हा सगळा तुकडा मालकांनी सरावासाठी भाड्याने घेतलाय.

मालक विश्वजित, सगळे त्यांना आबा म्हणतात. मूळचे साताऱ्याचे, ट्रकांचा धंदा, पन्नाशी उलटलेली, बोलणं इतकं मऊ की आपणच ओरडतोय असं वाटावं. त्यांच्या बायकोला, राजेश्वरीकाकूंना, माझं बारीक अंग बघवलं नाही. दुपारी तीन भाकऱ्या खायला लावल्या, चौथी मी ताटावर हात आडवा धरून परतवली. मेकॅनिक दिलीपमामा करावे गावचे. दिवसभरात चार शब्द बोलले असतील, त्यातले दोन जॅकला उद्देशून. ड्रायव्हर सुयश, सीवूड्सचा, तेवीस वर्षांचा. घरी जिमला जातो असं सांगून इथे येतो.

एक नियम जरा विचित्र आहे. फोन गेटवरच्या पेटीत ठेवायचा. गाडीचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून, असं काकू म्हणाल्या. असेल बाबा. दीड किलोमीटरच्या रस्त्यावरची गुपितं!

४ फेब्रुवारी, बुधवार

काम समजलं. गाडीत बसवायची रेकॉर्डिंगची व्यवस्था मी निवडायची.

वाटतं तितकं सोपं नाही हे. चिकटवायचा कॅमेरा काचेवर ठेवला तर पहिल्याच खड्ड्यात तो सुयशच्या मांडीवर येईल. म्हणजे पिंजऱ्याच्या नळीला बोल्ट लावून घट्ट आवळायचा. मग इंजिनची सगळी थरथर चित्रात उतरते आणि रस्ता जेलीसारखा हलतो. फार रुंद दिसणारी काच घेतली तर दीडशेचा वेगही बैलगाडीसारखा वाटतो. आवाजाचं तर विचारूच नका. मी माइक तीन ठिकाणी लावून बघितला, तिन्ही ठिकाणी फक्त वारा.

दोन पर्याय उरले. एक, ज्यात सगळं त्याच्याच पोटात असतं असा छोटा कॅमेरा. स्वस्त, हलका. दुसरा, दोन कॅमेरे आणि सीटमागे रेकॉर्डरची वेगळी पेटी, गाडीच्या बॅटरीवर चालणारी. माझं मत दुसऱ्याला. बोल्ट आवळताना मी दिलीपमामांना विचारलं की आधी कुठला कॅमेरा होता. ते म्हणाले, "जास्त इचारू नको पोरी. काम हाय तवर काम कर." मी म्हटलं बरं, तुमचा आजचा कोटा संपवला मी.

७ फेब्रुवारी, शनिवार

गिऱ्हाईक असावं तर आबांसारखं! लग्नवाले म्हणायचे, "काहीतरी मस्त करा." आबांच्या अटी ठरलेल्या आहेत.

एक कॅमेरा ड्रायव्हरच्या तोंडावर, डोळे स्वच्छ दिसले पाहिजेत. दुसरा रस्त्यावर, पण सीटच्या मागच्या नळीवर खडूची एक खूण आहे, बरोबर त्या उंचीवर. अर्धा इंचही वरखाली नको. आबांनी स्वतः टेप लावून बघितलं. सुयशला त्याच्या उंचीसाठीच घेतलं, हेही बोलता बोलता म्हणाले. पेटी आगीत टिकेल अशी हवी. आणि मुख्य म्हणजे गाडीची वीज गेली तरी रेकॉर्डिंग पुढे वीस मिनिटं चालू राहिलं पाहिजे.

मी समजावलं की गाडी थांबल्यावर वीस मिनिटं काय दिसणार? सुयश हेल्मेट काढून घाम पुसताना? आबा हसले आणि म्हणाले, "असू दे की बाळ. गाडी थांबली म्हणून बघणं थांबवू नये."

वाक्य मला एवढं आवडलं की मी ते लगेच इथे लिहून ठेवतेय. पेटीला छोटी जादा बॅटरी जोडली. छान जमलंय. मी फार खूश आहे स्वतःवर.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज जेवताना काकूंनी शिवतेजबद्दल सांगितलं. त्यांचा एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी ह्याच रस्त्यावर, त्याच वळणावर, सकाळी अकरा चाळीसला खांबावर गेला. आबा तेव्हा वळणावरच उभे होते. त्यांनी समोरून त्याचे डोळे बघितले. शिवा काहीतरी बघून दचकला, डोळे विस्फारले, आणि त्याने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. आबांनी मागे वळून बघितलं तर मागे काहीच नव्हतं.

दहाव्याला साताऱ्याकडे घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, एकही खाली येईना. प्रत्येकाने काय काय कबूल करून बघितलं. मित्रांनी गाडी जपू म्हटलं, काकूंनी रडणार नाही म्हटलं. दोन तास गेले. शेवटी आबा पिंडापुढे हात जोडून म्हणाले, "शिवा, तू जे बघितलंस ते मी बघीन." आणि कावळा शिवला.

त्यानंतर दोन वर्षश्राद्धं झाली, दोन्ही वेळा कावळ्याने पानाला तोंड लावलं नाही, असं काकू म्हणाल्या. शब्द दिलाय आणि तो राहिलाय. हे सांगताना त्या मला वाढतच होत्या. मला रडू आलं. येत्या बावीसला, रविवारी, तिथी आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सगळं नीट क्रमाने लिहिते.

जुन्या रेकॉर्डिंगशी माझ्या कॅमेऱ्याची चौकट ताडून बघायची होती, म्हणून दुपारी कपाट उघडलं. बिस्किटांच्या डब्यात तीन मेमरी कार्डं, काकूंच्या सुबक अक्षरात चिठ्ठ्या. शिवतेज. रणजीत. दिपेश. पहिलं उघडलं नाही, फाइल खराब. बाकीची दोन उघडली. कॅमेरा एकच, ड्रायव्हरच्या खांद्यामागून, तोंड अर्धंच दिसतं.

रणजीत. मागच्याच्या मागचं वर्ष. वळण येतं, तो ब्रेक दाबतो आणि पाय सरळ खाली जातो. तो ओरडतो, "मामा, ब्रेक नाहीत!" खांब. स्टिअरिंग छातीत रुततं. तोंडातून रक्ताचे बुडबुडे. तो जिवंत आहे. मग खिडकीत आबा येतात. मला वाटलं आता पट्टा सोडतील. आबांनी वाकून आपला गाल त्याच्या गालाला टेकवला आणि तो बघत होता तिकडे बघायला लागले. विचारत राहिले, "काय दिसतंय, लेकरा? सांग की." चार मिनिटं. मग कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

दिपेश. गेल्या वर्षी. गाडी पेटली. त्याने पट्टा सोडवला, अर्धा बाहेर आला. दिलीपमामा आग विझवायचं नळकांडं घेऊन नुसते उभे. आबांनी चाकाचा पाना घेतला आणि खिडकीला धरलेल्या त्याच्या बोटांवर मारला. एकेका बोटावर. तो आत पडला. "डोळे उघडे ठेव," आबा म्हणत होते, त्याच मऊ आवाजात. मग कॅमेऱ्याची काच वितळली आणि चित्र गेलं.

आगीत टिकणारी पेटी. वीस मिनिटांची बॅटरी. तोंडावरचा कॅमेरा, डोळे स्वच्छ. खडूची खूण म्हणजे शिवतेजच्या डोळ्यांची उंची. आबांची प्रत्येक अट म्हणजे मागच्या वेळी काय राहून गेलं ते आहे. आणि मी ती सगळी पुरी करून दिली, वर स्वतःची पाठ थोपटली.

उद्या सुयश सरावाला येतोय. मला त्याला गाठायचंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून हसू गेलं. आम्ही त्याच्या बाइककडे निघालो, पळत नाही, साधं चालत. गेटवर दिलीपमामा होते. त्यांच्या हातात पाना आहे हे सुयशला दिसलंच नाही. डाव्या गुडघ्यावर एकच फटका. पाय उलट्या बाजूला वळला. तो आवाज अजून कानात आहे, म्हणजे ज्या कानाने ऐकू येतंय त्यात. दुसऱ्यावर आबांनी मारलं. उघड्या हाताने, तीनदा. आतून काहीतरी फुटलं आणि मानेवर गरम ओघळ आला.

सुयश खालच्या सामानाच्या खोलीत आहे. मी वर, बाहेरून कडी. आमच्या फोनवरून घरी मेसेज गेले, की आठवडाभर बाहेरगावी चाललोय. काकूंनीच टाइप केले. माझ्या आईला त्यांनी "काळजी करू नकोस" असंही लिहिलं.

मी घसा फाटेपर्यंत ओरडले. खाडी आहे मागे, कोण ऐकणार.

१६ फेब्रुवारी

आबा वर आले. रविवारी सुयश चालवणार. डावा गुडघा गेला तरी अडत नाही, गॅसला उजवा पाय लागतो. कॅमेरे तेवढे तपासून ठेव, म्हणाले. काकूंनी माझ्या कानाला हळद लावली.

मला त्यांचा खून करायचाय. हे लिहिताना लाज वाटत नाही.

१७ फेब्रुवारी

एक गोष्ट सुचली. शिवतेजचं कार्ड.

कॅमेऱ्याची वीज एकाएकी गेली की फाइल बंद होत नाही. चित्र कार्डावर असतं, फक्त शेवट लिहिलेला नसतो म्हणून उघडत नाही. त्याच कॅमेऱ्याची एक धड फाइल शेजारी ठेवली तर जुळवता येते. पालीच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना जनरेटर बंद पडला होता, तेव्हा मी हे केलंय.

आबांना सांगितलं. शिवाने काय बघितलं ते मी तुम्हाला दाखवते, सुयशला सोडा. चार दुकानांत त्यांना कार्ड रिकामं आहे असं सांगितलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कबूल केलं. शिवाची शपथ घेतली.

खालून सुयशचं कण्हणं येतंय. मी भिंतीवर टकटक करते. तो कधी कधी उलट टकटक करतो.

१९ फेब्रुवारी

उघडलं. त्रेचाळीस सेकंद.

शिवतेज गुणगुणतोय. सरळ रस्ता, मग वळण. वळण संपतं तिथे रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा आहे. कडेला नाही, अगदी मधोमध. पांढरा शर्ट, दोन्ही हातांत फोन, फोन डोळ्यांसमोर. मुलाचा व्हिडिओ काढतोय. फोनमध्ये बघता बघता पुढे पुढे सरकत आलाय, स्वतःला पत्ताही नाही.

शिवतेज ओरडतो, "आबाऽ!" आणि स्टिअरिंग डावीकडे.

आबा समोरून त्याचे डोळे बघत होते. त्यात आबाच होते.

मी खोटं दाखवू शकते. रस्त्यात एक कुत्रं टाकायचं, तासाभराचं काम आहे. शहाणपण तेच सांगतंय. पण कानातून अजून पाणी येतंय, खाली तो पोरगा कण्हतोय, आणि दिपेशची बोटं डोळ्यांपुढून जात नाहीत. मला त्या माणसाचं तोंड बघायचंय. हे बघून तो मोडेल. मोडलाच पाहिजे.

२० फेब्रुवारी

दाखवलं.

अकरा वेळा बघितलं त्यांनी. रडले नाहीत. मग दिलीपमामांना बोलावलं, विचारलं, तुला माहीत होतं का.

मामा खाली बघत म्हणाले, "मी तवाच बघितला व्हता, आबा. तुमाला कसा सांगनार? तुमी जगला नसता."

आबांनी हातोडा घेतला. पहिल्या घावात मामा गुडघ्यावर आले, त्यांनी हात जोडले. दुसरा कपाळावर. मग मी मोजले नाहीत. डोकं उरलं नाही तरी आबा मारत होते. माझ्या पायावर काहीतरी ओलं उडालं — मी अजून धुतलं नाहीये —

काकूंनी पाइप लावून जमीन धुतली. आबा हात पुसून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, तुझे उपकार झाले, पोरी.

ते मोडले नाहीत. मी चुकले. कुत्रं टाकायला हवं होतं. कुत्रं टाकायला हवं होतं.

२१ फेब्रुवारी

सुयशला सोडलेलं नाही. श्राद्ध झालं, कावळा शिवला, की सोडू, असं काकू म्हणतात.

आबांना आता शब्द नीट कळलाय म्हणे. शिवाने बघितलं ते बघायचं, तर शिवाच्या जागी बसून. गाडी आपल्या हातात आणि रस्त्यात माणूस. सुयशला उभं राहता येत नाही —

काकूंनी आबांचा पांढरा शर्ट आणला, माझ्या अंगाला लावून बघितला. गुडघ्यापर्यंत येतो.

आबांनी ब्रेक दुरुस्त केले. स्वतः. मला खाली नेऊन दाखवले, दाबून बघायला लावले. ब्रेक लागतात. का दाखवले? मी विचारलं, उद्या दाबाल का? ते म्हणाले, शिवाला कुठं ठरवायला वेळ मिळाला होता?

कॅमेरे तपासले. दोन्ही चालू. माझ्या हातून बिघडवणंही झालं नाही, आबा सुयशच्या बोटांपाशी पाना धरून उभे होते.

२२ फेब्रुवारी

वळण. ऊन. पायांना आणि डाव्या हाताला वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रस्त्यात पहारीने ठोकलेल्या लोखंडी कड्यांना. दातांनी तोडून बघितल्या. तुटत नाहीत. मनगट सोललं, रक्ताने निसटेल वाटलं — नाही.

वही काकूंनी दिली. जीव रमेल म्हणाल्या. उजवा हात त्यासाठीच मोकळा.

काकू रस्त्याकडेच्या कठड्यापाशी आहेत. पान वाढून ठेवलंय, भात, वडे, खीर. कावळे आलेत. बसलेत. बघतायत.

काकू, सोडा मला. काकू तोंड फिरवतात.

आई. आई, तो मेसेज मी लिहिला नव्हता.

इंजिन चालू झालं.

शिवतेजने वळवली कारण समोर बाप होता. मी कोण? तीन आठवड्यांची नोकर. पण माणूस आहे ना — माणूस दिसतोच — समोर माणूस दिसला की हात आपोआप —

ब्रेक आहेत. ब्रेक आहेत. मी दाबून बघितलेत.

आवाज वाढला. सरळ रस्ता संपत आला.

गाडी दिसली. कॅमेऱ्यांचे लाल दिवे, दोन्ही — आबांचे डोळे, उघडे, थेट माझ्याकडे —

स्टिअरिंग सरळ आहे. अजून सरळ — आबा वळवा — आबा, वळ